सायकलवर दमा उसळतो? पंपाआधीची आणि पंपानंतरची कामं, क्रमानं

नागपुरात सेमिनरी हिल्सचा चढ मारून सायकलचा ग्रुप खाली उतरतो, पोह्याच्या ठेल्यापाशी थांबतो, पहिली प्लेट हातात येते आणि एकाला खोकला सुरू होतो. कोरडा, थांबता थांबत नाही, छाती आवळल्यासारखी. बाकीचे म्हणतात, "तर्री लागली बे, पाणी पी." तर्रीचा इथे बहुतेक वेळा काही संबंध नसतो. व्यायामानं उसळणाऱ्या दम्याचं वेळापत्रकच असं आहे: जोर लावताना थोडा त्रास, आणि थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत सगळ्यात जास्त. मग अर्ध्या ते दीड तासात बहुतेकांचं आपोआप निवळतं. म्हणून गोष्ट तिथेच विसरली जाते आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच ठेला, तोच खोकला.

ज्यांना आपला दमा माहीत आहे ते वेगळ्या ठिकाणी चुकतात. पंप (म्हणजे दम्याचा इनहेलर) खिशात असतो, पण तो निघतो चढाच्या मध्यावर, श्वास अडल्यानंतर. दोन फवारे घाईघाईत, अर्धे जिभेवर, अर्धे हवेत, आणि पुन्हा पेडल. औषध बरोबर, वेळ आणि रीत दोन्ही चुकीची.

व्यायामानं दमा का उसळतो, ते थोडक्यात. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. झटून सायकल चालवताना हाच आकडा शंभर लिटरच्या वर जातो. एवढी हवा गरम आणि ओली करणं नाकाला जमत नाही, तोंड उघडतं, आणि कोरडी हवा थेट श्वासनलिकांत शिरते. आतल्या अस्तरातलं पाणी उडतं, तिथल्या पेशी हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन नावाची रसायनं सोडतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. श्वासनलिका आधीच सुजलेली असेल तर हे सगळं लवकर आणि जोरात होतं.

खालचे टप्पे याच क्रमानं घ्या. पहिले तीन गाळून थेट पाचव्यावर उडी मारली तर उपयोग होत नाही. आणि डोस ठरवायचा तो तुमच्या डॉक्टरांनीच.

## टप्पा १: हा दमाच आहे का, ते ठरवा

धाप सगळ्यांनाच लागते. दम्याची शंका घ्यायची ती या खुणांवर: थांबल्यावर वाढणारा खोकला, श्वास सोडताना शिट्टीसारखा बारीक आवाज, छाती जखडणं, आणि त्याच चढावर डिसेंबरात त्रास पण ऑगस्टमध्ये नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर बहुतेक वेळा साधी स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून श्वास मोजायची चाचणी) होते, ती नॉर्मल येते, आणि माणूस "मला काही नाही" म्हणून परततो. बसून केलेली स्पायरोमेट्री नॉर्मल आली म्हणून व्यायामजन्य दमा नाही, असं होत नाही. हवी ती व्यायामासह चाचणी: ट्रेडमिल किंवा स्थिर सायकलवर सहा ते आठ मिनिटं जोरात श्रम, आणि नंतर ५, १०, १५ आणि ३० मिनिटांनी फुंकर मोजणं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा आधीपेक्षा १० टक्के किंवा अधिक घटली तर निदान पक्कं होतं. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स इथे श्वसनरोग विभाग आहेत. धंतोली-रामदासपेठेत खासगी चेस्ट फिजिशियनही भरपूर. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, "व्यायाम करवून स्पायरोमेट्री होते का?" चाचणीआधी कोणतं औषध किती तास बंद ठेवायचं, चहा-कॉफी चालते का, हेही तेव्हाच विचारून घ्या. सकाळी पंप मारून चाचणीला गेलात तर निकाल चांगलाच येणार.

अशी सोय मिळाली नाही तर पीक फ्लो मीटर घ्या. प्लास्टिकची नळी असते, जोरात फुंकायचं, काटा आकडा दाखवतो. उभं राहून तीनदा फुंका, सगळ्यात मोठा आकडा लिहा. मग चढावर सहा-आठ मिनिटं जोर लावा, थांबा, आणि दर पाच मिनिटांनी वीस मिनिटांपर्यंत पुन्हा फुंका. समजा आधी ४५० होता आणि दहाव्या मिनिटाला ३८० झाला. ही १५ टक्क्यांहून जास्त घट आहे, आणि हा कागद डॉक्टरांपुढे ठेवण्याजोगा आहे. हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करा. एकट्यानं नको, आणि पंप हाताशी असू द्या.

दम्यासारखं दिसणारं पण दमा नसलेलं बरंच काही असतं:

- आवाज श्वास घेताना येतो, घशातून येतो, ऐन जोरात येतो आणि थांबताच दोन-चार मिनिटांत जातो. हा बहुधा स्वरयंत्राचा प्रकार. त्याला पंप लागू पडत नाही, श्वासाचे वेगळे व्यायाम शिकावे लागतात.
- चढावर छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, आणि थांबलं की आराम. हे हृदयाचं असू शकतं. पंप नको, आधी हृदयरोगतज्ज्ञ. चाळिशीनंतर नव्यानं सायकल घेतलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.
- सपाट रस्त्यावरही धाप आणि दिवसभर गळाल्यासारखं. हिमोग्लोबिन तपासा. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे, तर त्याचीही तपासणी एकदा करून टाका.

तपासा: निदान कागदावर आहे? मित्राचा पंप दोनदा ओढून "बरं वाटलं" हे निदान नव्हे.

## टप्पा २: रोजचा दमा आधी आटोक्यात आणा

सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

पंप दोन जातींचे. एक तातडीचा, साल्ब्युटामॉलसारखा: नळीभोवतीचा स्नायू सैल करतो, काही मिनिटांत आराम, परिणाम साधारण दोन ते चार तास. दुसरा सूज उतरवणारा, ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडचा: लगेच काही जाणवत नाही, पण रोज घेतला तर दोन ते चार आठवड्यांत श्वासनलिका शांत होते. लोकांना पहिला आवडतो कारण तो लगेच कळतो. दुसरा "काही फरक पडत नाही" म्हणून आठवड्यात बंद होतो. आणि घरात कुणीतरी असतंच, "पंपाची सवय लागते रे, स्टेरॉइड आहे" म्हणणारं. सवय लागत नाही. ओढलेल्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि ते थेट फुफ्फुसात उतरतं. रस्त्यात विकत मिळणाऱ्या कुठल्याही "दमा मुळापासून" पुडीपेक्षा ते पारखलेलं आहे.

२०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना, ज्यांना जीना म्हणतात, प्रौढ आणि किशोरवयीनांना फक्त साल्ब्युटामॉलवर ठेवू नका असं सांगतात. सोबत स्टेरॉइड हवंच. बऱ्याच जणांना आता ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप दिला जातो, आणि तोच गरजेला व व्यायामाआधीही चालतो. तुमच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं नुसतं साल्ब्युटामॉल असेल तर एकदा विचारा.

रोज सायकल चालवणाऱ्यांसाठी हा मुद्दा आणखी महत्त्वाचा. साल्ब्युटामॉल रोज व्यायामाआधी घेत राहिलं की त्याचं संरक्षण हळूहळू कमी पडतं आणि कमी वेळ टिकतं. मग माणूस दोनाचे चार फवारे करतो. इथे फवारे वाढवायचे नसतात, सूज उतरवायची असते.

मोंटेलुकास्टची गोळी काहींना दिली जाते. व्यायामाच्या किमान दोन तास आधी, चोवीस तासांत एकदाच. ती घेऊन झोप उडाली, भयानक स्वप्नं पडली, मन उदास झालं तर गोळी सुरू ठेवायची की नाही ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये या गोळीवर मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा छापायला लावला आहे.

इशारा: गुडघा दुखतो म्हणून राइडआधी आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन घेण्याची सवय असेल तर थांबा. काही दमेकऱ्यांना याच गोळ्यांनी जोराचा झटका येतो. मायग्रेन किंवा रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा.

तपासा: गेल्या महिन्यात, व्यायामाआधीचे फवारे सोडून, त्रास झाला म्हणून आठवड्याला दोनपेक्षा जास्त वेळा पंप लागला का? रात्री खोकल्यानं जाग आली का? दोनशे फवाऱ्यांचे तीन डबे वर्षात संपतात का? एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर चढावर जोर लावण्याआधी दवाखाना.

## टप्पा ३: पंप ओढायची रीत बसवा

आरशापुढे उभं राहा आणि एकदा स्वतःला बघा. तोंडातून किंवा नाकातून पांढरी वाफ बाहेर येताना दिसली तर औषध आत गेलेलं नाही.

१. झाकण काढा, आत कचरा नाही ना बघा. जर्सीच्या खिशात चिक्कीचा चुरा असतो, तो पंपाच्या तोंडात शिरतो.
२. चांगला हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर पत्रकात सांगितल्याप्रमाणे हवेत फवारे सोडून घ्या.
३. श्वास पूर्ण सोडा.
४. ओठ घट्ट मिटा, श्वास हळू आत घ्यायला सुरुवात करा आणि लगेच एकदा दाबा. चार-पाच सेकंद ओढत राहा.
५. दहा सेकंद रोखून धरा.
६. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटानं, पुन्हा हलवून. दोन फवारे एकाच श्वासात मारू नका.
७. स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी आणि आवाज घोगरा.

स्पेसर (पंपाला जोडायचा प्लास्टिकचा पोकळ नळा) लावला तर दाबणं आणि ओढणं जुळवायची कसरतच राहत नाही. घरी तरी स्पेसरनंच घ्या. तो साबणाच्या पाण्यात बुडवून धुवा आणि तसाच वाळू द्या; कापडानं घासून पुसला की प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

रोटाहेलर म्हणजे कॅप्सूलमधली कोरडी भुकटी ओढायचं यंत्र. त्याची रीत उलटी. तिथे कॅप्सूल फोडून जोरात आणि झटकन ओढायचं, आणि यंत्रात फुंकर मारायची नाही. पावसाळ्यात घामेजल्या खिशात ठेवलेली कॅप्सूल दमट होऊन गोळा होते. शिवाय दम्याचा झटका आला की जोरात ओढण्याइतका श्वासच उरत नाही. म्हणून रोज रोटाहेलर घेत असाल तरी रस्त्यावर फवाऱ्याचा पंप आणि स्पेसर ठेवावा असं माझं मत आहे. त्यात कोणतं औषध असावं ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

पंपावर साधारण ३० अंशांखाली ठेवायची सूचना असते. नागपूरच्या मे महिन्यात हे वाचून हसूच येतं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. निदान एवढं करा: कारच्या डॅशबोर्डवर, खिडकीत किंवा हँडलच्या काळ्या पिशवीत उन्हात ठेवू नका. घरातल्या सगळ्यात थंड, सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. थंडीत उलट, पहाटे पत्र्याचा डबा गार पडलेला असेल तर वापरण्याआधी मुठीत धरून ऊब द्या.

तपासा: डबा पाण्यात बुडवून "तरंगतो का" बघणं सोडा, त्यानं काही कळत नाही. फवारे मोजणारी आकड्यांची खिडकी असलेला पंप घ्या, किंवा डब्यावर मार्करनं सुरू केल्याची तारीख लिहा आणि हिशेब ठेवा. औषध संपल्यावरही डब्यातून नुसता वायू फुसफुसतो, आणि माणूस समजतो पंप भरलेला आहे.

## टप्पा ४: आदल्या रात्री वेळ आणि रस्ता ठरवा

पहाटे साडेपाचचा अलार्म हा आपल्याकडे सायकलस्वाराचा धर्म झालाय. दमेकऱ्यासाठी तो मे महिन्यात बरोबर आणि जानेवारीत चूक.

डिसेंबर-जानेवारी. पारा दहाच्या खाली जातो, हवा कोरडी आणि जड असते, रात्रीचा धूर जमिनीलगत अडकून बसतो. त्यात चौकाचौकात शेकोट्या, त्याही टायर-प्लास्टिकच्या, आणि झाडूची धूळ. ऊन चढेपर्यंत हे हलत नाही. साडेसातनंतर निघा. ग्रुप पहाटेच निघत असेल तर त्यांना वाटेत गाठा.

फेब्रुवारी-मार्च. काटोल रोड, उमरेड रोडकडे शेतात पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) जळते, धुरे (शेताचे बांध) पेटवतात. लांबून धुराचा पट्टा दिसला तर वळा. "पटकन पार करू" म्हणून जोर लावला की नेमका तेव्हाच सगळ्यात जास्त धूर ओढला जातो.

एप्रिल-मे. पाच ते सात ही वेळ. दुपारी ओझोन वाढतो आणि हवा भट्टीसारखी कोरडी असते. एक गोष्ट कुणी बघत नाही: कूलर. मागच्या वर्षीची खस किंवा वूडवूल तशीच ठेवली की तिला बुरशीचा कुबट वास येतो, रात्रभर तीच हवा छातीत जाते आणि सकाळी चढावर दोष सायकलला. हंगामाच्या सुरुवातीला पॅड बदला, टाकीतलं पाणी आठवड्यानं काढा.

जुलै-ऑगस्ट. दमट, कोमट हवा श्वासनलिकेला सगळ्यात मानवते. मोठे अंतर, कठीण चढ यांची तयारी याच दिवसांत करा. फक्त वादळी वाऱ्याचा पहिला झोत अंगावर घेऊ नका.

सप्टेंबर-ऑक्टोबर. रिंग रोडच्या कडेला गाजरगवत फुलतं. ज्यांना त्याची अॅलर्जी आहे त्यांनी त्या बाजूला थांबून फोटोसेशन करू नये. दिवाळीचे दोन-तीन दिवस घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) चालवा.

हवेचा आकडा (एक्यूआय, जितका जास्त तितकी हवा वाईट) केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अॅपवर मिळतो. नागपुरात सिव्हिल लाइन्स, महाल, अंबाझरी, रामनगर इथली केंद्रं आहेत. माझा हिशेब सोपा: १०० पर्यंत ठरलं तसं, १०१ ते २०० मध्ये राइड निवांत आणि चढाविना, २०० च्या वर घरात. आकडा केंद्रापाशी मोजलेला असतो, तुमच्या पुढच्या ट्रकच्या मागे नाही.

रस्त्यांबद्दल: कोराडी-खापरखेड्याची बाजू वीजकेंद्रांची, राख आणि कोळशाची धूळ वारा असेल तिकडे. कामठी-कन्हानवरून रामटेकला जाताना कोळशाचे ट्रक भेटतात. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीच्या रस्त्यांवर शिफ्ट बदलायची वेळ टाळा. सुरुवातीला गोरेवाडा, अंबाझरी, सिव्हिल लाइन्सच्या झाडांमधून जाणारी फेरी धरा.

पिशवीत काय: पंप, दोन भागांत उघडणारा स्पेसर, डॉक्टरांची चिठ्ठी, मोबाइल पूर्ण चार्ज, घरच्याचा नंबर लिहिलेला कागद, आणि दुपट्टा.

इशारा: सर्दी-ताप होऊन गेला असेल तर बरं वाटू लागल्यावरही काही आठवडे श्वासनलिका चिडकीच राहते. त्या काळात अंतर चालेल, वेग नको.

## टप्पा ५: निघण्यापूर्वी आणि पहिली पंचवीस मिनिटं

१. पीक फ्लो फुंका. तुमच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्के किंवा वर असेल तर निघा. ५० ते ८० च्या मध्ये असेल तर आज सुट्टी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला बेत. ५० च्या खाली असेल तर थेट टप्पा ८. सर्वोत्तम आकडा म्हणजे तब्येत चांगली असताना दोन आठवडे रोज मोजून आलेला मोठ्यात मोठा.

२. व्यायामाआधीचा पंप चिठ्ठीप्रमाणे निघण्याच्या १० ते १५ मिनिटं आधी. साल्ब्युटामॉल असेल तर सहसा दोन फवारे सांगतात. पंप घेऊन मग टायरमध्ये हवा भरा, बाटल्या भरा, हेल्मेट शोधा. एवढ्यात वेळ होतो.

३. दुपट्टा. नागपूरकराला तोंड बांधायला कुणी शिकवायला नको, पण आपण तो उन्हासाठी बांधतो आणि थंडीत सोडतो. दमेकऱ्यानं थंडीतही बांधावा. सुती, पातळ, दोन पदरी, नाक-तोंडावरून सैल. सोडलेल्या श्वासातली ऊब आणि ओल त्यात राहते आणि पुढचा श्वास तीच घेऊन आत जातो. ओला करून बांधू नका, गुदमरतं. रोज धुवा. कापडानं बारीक धूर अडत नाही, तेव्हा दुपट्टा आहे म्हणून ट्रकामागे चालवायची मुभा नाही.

४. वॉर्म-अप. दहा मिनिटं सपाट रस्त्यावर इतकी हळू की नाकानं श्वास पुरतो आणि बोलता येतं. मग वीस-तीस सेकंद जोर, एक ते दीड मिनिट निवांत. असं सहा-सात वेळा. शेवटी पाच मिनिटं सावकाश. असा तुकड्यातुकड्यांचा जोर केला की जवळपास निम्म्या लोकांच्या श्वासनलिका पुढचे एक ते तीन तास तितक्या चटकन आवळत नाहीत. फुकटचं संरक्षण आहे हे, आणि ग्रुपमध्ये सगळ्यात आधी कापलं जातं तेही हेच.

फुटाळ्याजवळ राहणाऱ्यांची अडचण मला कळते: घरातून निघालं की पाच मिनिटांत चढ. उलट्या दिशेनं निघा, सिव्हिल लाइन्समध्ये फेऱ्या मारा, मग चढाकडे या.

इशारा: भरपेट खाऊन लगेच निघू नका, आंबट वर आलं की खोकला वाढतो. काळी कॉफी श्वासनलिका किंचित मोकळी करते हे खरं, पण ती पंपाची जागा घेत नाही.

## टप्पा ६: रस्त्यावर

चढ एकसारख्या, हलक्या गिअरवर चढा. उभं राहून झटके देणं, पुढच्याला गाठायला अचानक सुसाटणं, यात श्वास एकदम वाढतो. सपाटीवर नाकानं श्वास घ्या. चढावर तोंड उघडलं तर उघडू द्या, तिथे नाकाचा हट्ट धरून उपयोग नाही.

सिग्नलवर बस किंवा ऑटोच्या मागे न थांबता थोडं मागे, बाजूला. पाणी घोट घोट, तहान लागायची वाट न बघता.

लांबच्या राइडला औषधाच्या घड्याळाचं भान ठेवा. रामटेक जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास होतं. सकाळी सहाला घेतलेलं साल्ब्युटामॉल परतीच्या वाटेवर, ऐन उन्हात आणि ट्रकांच्या गर्दीत, संपलेलं असतं. दुसरा डोस कधी आणि किती, हे निघण्याच्या आठवड्यात डॉक्टरांकडून लिहून घ्या. परतीची शेवटची दहा किलोमीटर शर्यत लावायची प्रथा असेल तर त्यातून अंग काढा.

तपासा: बोलताना वाक्य तुटतंय? घसा सारखा खाकरावासा वाटतोय? वेग आत्ताच उतरवा, छाती वाजायची वाट बघू नका.

## टप्पा ७: थांबणं

एकदम थांबू नका. शेवटची दहा मिनिटं हलक्या गिअरवर. मग उतरा आणि पुढची वीस मिनिटं स्वतःवर लक्ष ठेवा, कारण खरा त्रास यायचा तो आताच. पोहे खा, जरूर खा, पण कढईच्या वाऱ्याला बसू नका. मिरचीची फोडणी आणि तेलाचा धूर आवळलेल्या नळीला झेपत नाही. या वीस मिनिटांत एकट्यानं घरी निघू नका. दुपट्टाही लगेच सोडू नका.

## टप्पा ८: त्रास झालाच तर

हा भाग सोबत चालवणाऱ्यांनीही वाचावा. पंप कोणत्या खिशात आहे हे ग्रुपमधल्या दोघांना तरी माहीत हवं.

१. सायकल बाजूला. बसा, पुढे किंचित झुकून, कोपर गुडघ्यांवर. आडवं करू नका. हेल्मेटचा पट्टा, बॅगचा पट्टा सैल. गर्दी हटवा.
२. तातडीचा पंप स्पेसरमधून: एक फवारा, चार श्वास. असं चार वेळा. स्पेसर नसेल तर थेट, एकेक करून.
३. चार मिनिटं थांबा. घड्याळ बघून, अंदाजानं नाही.
४. फरक नसेल तर पुन्हा चार फवारे, त्याच पद्धतीनं.
५. तरीही आराम नाही: १०८ ला फोन. रुग्णवाहिका येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार फवारे चालू ठेवा.

तुमच्याकडे ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचाच पंप असेल तर फवाऱ्यांची संख्या वेगळी असते. ती डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठीवर लिहून घेतलेली असावी.

यातलं एकही दिसलं तर पायऱ्या मोजत बसू नका, लगेच १०८: वाक्य पूर्ण होत नाही, ओठ-नखं निळसर, गुंगी, किंवा आधी वाजणारी छाती अचानक शांत झाली पण माणूस अजून तडफडतोय. ही शेवटची खूण सगळ्यात फसवी. सोबतच्यांना वाटतं बरं वाटलं. हवाच आत-बाहेर होत नसते म्हणून आवाज थांबलेला असतो.

बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा पेडल नाही. ऑटो करा, सायकल मित्र आणेल. आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा.

इशारा: पाणी तोंडात ओतणं, पाठीवर थापट्या, विक्स चोळणं, कुणाच्या तरी खिशातली अनोळखी गोळी. यातलं काहीही नको.

## टप्पा ९: वही, आणि पुन्हा डॉक्टर

प्रत्येक राइडला एक ओळ पुरते: तारीख, वेळ, रस्ता, हवेचा आकडा, आधीचा आणि नंतरचा पीक फ्लो, फवारे किती. महिनाभरात दिसायला लागतं की त्रास कोराडीच्या बाजूनंच होतो, की कूलर लावल्यापासून, की वॉर्म-अप गाळला त्या दिवशी. डॉक्टरांपुढे "कधीकधी होतं" म्हणण्यापेक्षा ही वही ठेवा. औषध कमी करायचं की वाढवायचं हे त्यावरून ठरतं. बरं वाटतंय म्हणून सूज उतरवणारा पंप स्वतःहून बंद करू नका.

स्पर्धेत उतरणार असाल तर एक जादा काम. जागतिक उत्तेजकविरोधी नियमांत ओढून घेतलेलं साल्ब्युटामॉल चालतं, पण चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही आठ तासांत ६०० मायक्रोग्रॅमच्या आतच. १०० मायक्रोग्रॅमच्या पंपाचे ते आठ तासांत सहा फवारे होतात. फॉर्मोटेरॉलची मर्यादा चोवीस तासांत ५४ मायक्रोग्रॅम. साल्ब्युटामॉलची गोळी किंवा सिरप मात्र चालत नाही, आणि टर्ब्युटालिन कुठल्याही रूपात आगाऊ परवानगीशिवाय चालत नाही. आपल्याकडे मेडिकल स्टोअरवर सहज मिळणाऱ्या कफ सिरपांपैकी अनेकांत टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल असतं. स्पर्धेच्या आठवड्यात खोकला झाला तर घोट घेण्याआधी बाटलीमागचा बारीक मजकूर वाचा. अडल्या वेळी यातलं काही घ्यावं लागलं तर जीव आधी. डॉक्टरांचे कागद जपून ठेवा आणि परवानगीचा अर्ज लगेच करा, तातडीच्या उपचारासाठी तो नंतरही करता येतो.